सूचना : बॅकअपची डिस्क लावून ठेवू नका

सिस्टर, लॅब आणि केसपेपर खिडकीवरची मंडळी,

परवा लाइट गेली, यूपीएसनेही मान टाकली आणि ओपीडीचा कॉम्प्युटर उठेना. बॅकअप निघाला, पण तीन आठवड्यांपूर्वीचा! यावलहून आलेल्या आजींची शुगर पुन्हा तपासावी लागली.

आजपासून ओपीडी आटोपली की बॅकअप घ्यायचा आणि डिस्क काढून कपाटात. लावलेली राहिली तर रॅन्समवेअर (फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) तीही कुलूपबंद करतं. २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरने ब्रिटनमधल्या दवाखान्यांचेही कॉम्प्युटर असेच अडकवले होते. दुसरी डिस्क दर शनिवारी जळगावला मोठ्या डॉक्टरांकडे जाईल. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून डिस्कला चिकटवू नये (हो, तसं सापडलंय). गाण्यांचे पेनड्राइव्ह घरीच.

सोमवारी दुपारी ३ वाजता बॅकअपमधून दहा केसपेपर उघडून बघू. लॅबवाल्यांनी थांबावे.