विहिरीमागचं कलम

अंजर्ले, ११ जानेवारी

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "आवाज असा का येतोय?" मी म्हटलं, रेंज नाही. रेंज चांगली होती. लिहिताना थाप मारणं मला जमत नाही, म्हणून आज कागद घेऊन बसलेय.

घर झाडायला आणि आंब्याच्या कलमांवर लक्ष ठेवायला जातेय असं सांगितलं, ते अर्धंच खरं. मी तीन महिने बिनपगारी रजेवर आहे. ऑक्टोबरात एका सोमवारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी बंद केली आणि पाऊण तास तशीच बसून राहिले. पट्टा सोडवायला हात उचलेना. दुखत काहीच नव्हतं. त्याआधी दोनेक महिने रात्री तीनला जाग यायची ती यायचीच. रक्त तपासलं. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, सगळं जागेवर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे बर्नआउट.

आता तू विचारशील, हा आजार तरी कसला? आजार नव्हेच म्हणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची व्याख्या केली, तिच्यातही त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाचा ताण साचत गेला आणि कुणी तो निस्तरला नाही, की होते ती अवस्था. अंगातली ताकद संपते, कामाचा वीट येतो आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहतं. तिन्ही खुणा मला लागू. मला गोळी दिली नाही, रजा घ्या म्हणाल्या.

पहिले दहा दिवस नुसती झोपले. शेजारच्या काकू खिडकीतून "उठलीस काय गो?" विचारून जायच्या. आता सकाळी न्हाणीघरातलं चुलखण मीच पेटवते. नारळाची सोडणं दवाने ओलसर झालेली असतात. आधी नुसता धूर, मग डोळ्यांतून पाणी, मग कुठे जाळ. हंडा तापायला पाऊण तास लागतो. (हाही पाऊण तासच, पण यात पाठ शेकते.) कुळथाची पिठी केली, गाठी झाल्या, तरी दोनदा भात घेतला. परवा कड्यावरच्या गणपतीला गेले. चढताना तीनदा टेकले. वर पोचले तर धुक्यात सुवर्णदुर्ग दिसलाच नाही, पण खाली उतरायची घाई नव्हती.

बाबा, कलमांचं. वरच्या अंगाची मोहरलीत, वास पार ओटीपर्यंत येतो. विहिरीमागचं जुनं मात्र मोहरलेलं नाही. सगळं तांबूस पालवीने भरलंय, पानं धुतलेल्या धोतरासारखी मऊ लागतात. गेल्या साली त्याने अकरा पेट्या दिल्या होत्या. तुम्हाला आठवतं ना, बाग कराराने घेणारा कल्टार नावाचं औषध घालू म्हणत होता? पावसात बुंध्याभोवती ओतलं की वाढ आवरते आणि दरसाल मोहोर येतो, असं तो बोटं मोजून सांगत होता. तुम्ही ओटीवरून उठलात. "हापूस एक वर्षाआड धरायचा. त्याचं रिकामं वर्ष मी विकणार नाही." तो चहा न घेता निघून गेला. त्या वर्षी कौलं बदलायची होती, आई दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही. मला तेव्हा आईचंच पटलं होतं.

पैशाची काळजी नको, मार्चपर्यंतचं बाजूला काढून ठेवलंय. दादाला इतक्यात सांगू नका, मीच सांगेन, नाहीतर तो लगेच गाडी काढून न्यायला येईल. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याशिवाय पुण्याहून हलू नका, माझ्या सोबतीसाठी तर मुळीच नको. डिंकाचे लाडू पाठवलेस तर परत पाठवणार नाही.

त्या पालवीवर थोडे तुडतुडे दिसतायत. फवारू की राहू दे? बाबांनी सांगायचं आणि आई, तू लिहायचं. उत्तर पत्रानेच द्या. फोन कपाटात ठेवलेला असतो, संध्याकाळी सहाला काढते.

तुमची,
छोटी