दुकानात सांगा, खेळायलाच हवाय

तीर्थरूप बाबांना आणि आईला साष्टांग नमस्कार.

फोनवर नव्या कॉम्प्युटरचा विषय कधी पुरा होत नाही. बाबा ‘रॅम’पर्यंत येतात तोवर आई मागून विचारते की तो डबा ठेवणार कुठे, आणि पुढचं सगळं बोलणं टेबलावरच होतं. म्हणून लिहून पाठवते आहे. सावकाश वाचा.

बाबा, आधी तुम्ही पाठवलेल्या जाहिरातीबद्दल. ‘आय सेव्हन, 16 जीबी रॅम, गेमिंग पीसी, फक्त 18 हजार’, आणि आत जांभळे-हिरवे दिवे. आय सेव्हन हे काही एकाच चिपचं नाव नाही. 2008 पासून इंटेलनं त्या नावाखाली एकामागून एक पिढ्या काढल्या, आणि पिढी कोणती ते पुढच्या आकड्यावरून कळतं. फोटो मोठा करून पाहिला तर कोपऱ्यात बारीक अक्षरांत 3770 लिहिलंय. म्हणजे तिसरी पिढी, 2012 सालची. असली जुनी चिप, तिला जुळेल असा, सगळे भाग बसवायचा स्वस्तातला बोर्ड, आणि वरून काचेचं नवंकोरं कॅबिनेट. विंडोज 11 ला इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते, आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. ज्या मशीनवर तुम्ही पेन्शनचं खातं उघडणार, तिथे हे नकोच. सोडून द्या ती जाहिरात.

आता खरी गोष्ट. तुम्ही मला सांगितलंत, बँकेची कामं आणि पीडीएफ. आईनं सांगितलं, विमानं.

दिवाळीत ओमच्या लॅपटॉपवर तुम्ही इंदूरच्या विमानतळावरून उडून राजवाडा शोधत बसला होतात आणि आई तीनदा ‘पानं वाढलीयेत’ म्हणून गेली, हे सगळ्यांनी पाहिलंय. आम्हाला लहानपणी बिजासन टेकरीवर नेऊन विमानं दाखवणारा माणूस निवृत्तीनंतर विमान उडवायचं म्हणतोय, यात लपवण्यासारखं काय आहे? मी हे नुसतं थट्टेनं म्हणत नाही. दुकानात तुम्ही ‘बँकेच्या कामाला’ म्हणालात की दुकानदार इमानदारीत ऑफिसचं मशीन काढून देईल, आणि तुमचं विमान धावपट्टीवरच अडकेल. तुमच्या त्या विमानांच्या गेमला, ‘फ्लाइट सिम्युलेटर 2024’ला, कमीत कमी 16 जीबी रॅम आणि चित्रासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. रॅम 32 जीबी असली तर उत्तम, असं कंपनीच म्हणते. बुद्धिबळ, पत्ते आणि ओमचा ‘एज ऑफ एम्पायर्स’ तर कशावरही चालतील. तेव्हा पहिलं वाक्य हेच: खेळायला हवाय.

तुमचं म्हणणं, कंपनीचा तयार घ्यावा, एक बिल, एक वॉरंटी, कटकट नाही. हे म्हणणं चुकीचं नाही. बहुतेक तयार मशीनबरोबर विंडोज खरं मिळतं. बऱ्याच मॉडेलांना घरी येऊन दुरुस्त करायची वॉरंटी असते, आणि बिघडलं तर ‘दोष रॅमचा की बोर्डाचा’ हा वाद तुम्हाला घालावा लागत नाही. शिवाय 2025 च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळलाय. मायक्रॉननं तर ‘क्रुशल’ नावाची ग्राहकांसाठीची रॅम विकणं बंद करत असल्याचं त्या डिसेंबरात जाहीरच केलं. त्यामुळे जुन्या भावात भरलेलं तयार मशीन सध्या सुट्या भागांपेक्षा स्वस्तही पडू शकतं. सुटे भाग जोडून असेंबल केलेलं नेहमी स्वस्त, हे आता डोळे मिटून म्हणता येत नाही.

तरीही माझं मत असेंबल करण्याच्या बाजूनं आहे, आणि कारण भावाचं नाही. ऑफिससाठी बनवलेल्या तयार डेस्कटॉपमध्ये आतला बोर्ड आणि एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, पुष्कळदा त्या कंपनीच्याच मापाचे असतात. वॉरंटी असेपर्यंत सगळं सुरळीत. नंतर एसएमपीएस गेला की बाजारातला दुसरा त्यात बसत नाही. वरच्या मजल्यावरच्या काकांचा डबा आठवतो ना? वॉरंटी संपल्यावर बोर्ड गेला, तो भाग येणार येणार म्हणत पावसाळा गेला, आणि आता त्यावर कुंडी आहे. मी पुण्यात, ओम कोट्यात. मशीन बसलं तर ते आरएनटी मार्गावरच्या सिल्वर मॉलमधल्या कुठल्याही पोराला उघडता आलं पाहिजे, आणि लागणारा भाग त्याच मजल्यावर मिळाला पाहिजे. स्टँडर्ड मापाचं असेंबल मशीन असेल तर हे होतं.

मग घ्यायचं काय? प्रोसेसर इंटेल आय फाइव्ह 12400. 2022 चा आहे, पण सहा कोअरचा आहे आणि तुम्हाला भरपूर झाला. इथे एक फसगत टाळा. त्याचाच 12400एफ नावाचा भाऊ थोडा स्वस्त मिळतो आणि दुकानदार तोच पुढे करतील. ‘एफ’ म्हणजे त्याला ग्राफिक्स कार्डाशिवाय स्क्रीनवर चित्र दाखवता येत नाही. कार्ड असेपर्यंत फरक कळत नाही. पण उद्या कार्ड दुरुस्तीला गेलं तर स्क्रीन काळी, आणि बँकही बंद. बिनएफचा असला तर कार्ड काढूनसुद्धा बाकीची कामं चालू राहतात. ‘अंकल, सब यही ले जाते हैं’ म्हणतील. म्हणू द्या. आणि प्रोसेसर सीलबंद खोक्यातला मागा. खोक्यातल्याला कंपनीची तीन वर्षं वॉरंटी असते. सुट्या, ‘ट्रे’ म्हणून विकतात त्याची जबाबदारी फक्त दुकानदाराच्या शब्दावर.

रॅम 16 जीबी, पण आठ-आठच्या दोन कांड्या. एकाच कांडीपेक्षा जोडी जलद चालते. मात्र बोर्डाला रॅमच्या चार जागा आहेत का ते विचारा. दोनच असतील तर पुढे 32 करताना या दोन्ही कांड्या काढून टाकाव्या लागतील, आणि आजच्या भावात ते जिवावर येईल. तसा बोर्ड बजेटात बसत नसेल तर सोळाची एकच कांडी घेऊन एक जागा रिकामी ठेवा. थोडा वेग गेला तरी चालेल.

ग्राफिक्स कार्डासाठी आरटीएक्स 3050, 6 जीबीचं. गेमवाली पोरं त्याला नाकं मुरडतात. पण त्याला फक्त 70 वॅट लागतात, वेगळी विजेची वायर जोडावी लागत नाही, आणि चित्र मध्यमवर ठेवलं तर राजवाडा ओळखू येईल. याहून मोठ्या कार्डाचा मोह नको. त्यापेक्षा उरलेले पैसे एसएमपीएसवर घाला. इंदूरला सगळे नेमके इथेच कंजूषी करतात. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा एसएमपीएस घेऊ नका, त्यावर 450 वॅट छापलेलं असलं तरी. नावाजलेल्या कंपनीचा, ‘80 प्लस ब्राँझ’ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) लिहिलेला घ्या. हलका एसएमपीएस म्हणजे घरातली जुनी वायरिंग, जाताना दुसऱ्यालाही घेऊन जाते.

साठवणीला 1 टीबीची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे जलद डिस्क. मॉनिटर आहे तोच चालेल, फक्त एचडीएमआयची वायर कार्डात लावायची, वरच्या बोर्डाच्या भोकात नाही. ‘नवीन मशीन स्लो आहे’ म्हणून येणाऱ्या फोनांपैकी किती याच भोकामुळे येतात, देव जाणे.

विंडोजचं मी बघते. दुकानदार ‘डाल देंगे अंकल, फ्री में’ म्हणेल, पण ती चोरीची प्रत असते आणि तिच्याबरोबर आणखी काय येतं ते कुणी सांगत नाही. खरं विंडोज 11 होम वेगळं घेतलं तर दहा हजारांच्या आसपास पडतं, ते तुमच्या साठ हजारांच्या बजेटात धरू नका. ते माझ्याकडून. यावर फोन करून वाद घालायचा नाही.

आई, आता तुझे प्रश्न. वीज: खेळताना सगळं मिळून साधारण दोनशे-सव्वादोनशे वॅट. बाबा रोज दोन तास उडाले तरी महिन्याला बारा ते साडेतेरा युनिट. फ्रिजपेक्षा कमीच. आवाज: पंख्याची हलकी घरघर येईल, बाबांच्या दुपारच्या घोरण्याहून कमी. दिवे: बिनदिव्यांचं, जाळीदार तोंडाचं कॅबिनेट सांगितलंय, काचेचं नाही. जमिनीवर ठेवायचं नाही. इंदूरनं 2017 पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिला नंबर काढला असला तरी कॅबिनेटच्या पंख्याला ते कुणी कळवलेलं नाही. शिलाई मशीनशेजारचं टेबल पुरेल, फक्त मागे वीतभर जागा सोड. मध्येमध्ये वीज जाते त्यासाठी 600 व्हीएचा यूपीएस घेऊ. तो खेळायला नाही, मशीन नीट बंद करण्यापुरता. हे बाबांना तूच सांग, माझं ऐकणार नाहीत. आणि मंडळाचा अहवाल तुला त्यावर मराठीत टाइप करता येईल, मराठी कळफलक मी बसवून देईन. बाबांनी वेळ दिला तर.

सिल्वर मॉलमध्ये तीन दुकानांतून कोटेशन घ्या. भाव बाबा करतीलच, त्यात मला बोलायला जागा नाही. पण कोटेशनवर प्रत्येक भागाचं पूर्ण नाव आणि मॉडेल नंबर हवा. नुसतं ‘रॅम 16 जीबी, एसएमपीएस 450’ नको. पक्कं जीएसटी बिल घ्या, त्यावर प्रत्येकाचा सीरियल नंबर लिहून. कारण असेंबलची वॉरंटी एकत्र नसते, जितके भाग तितक्या वॉरंट्या. रिकामी खोकी आई लगेच रद्दीत देईल, ती माळ्यावर टाका. आणि पूर्ण पैसे देण्याआधी तिथेच अर्धा तास कुठलातरी गेम चालवून दाखवायला सांगा. दुकानदाराला घाई असेल तर खाली चहा पिऊन या.

गुरुवारी रात्री नऊनंतर मी मोकळी आहे. तिन्ही कोटेशनांचे फोटो त्याआधी पाठवा, सरळ धरून काढलेले. आणि जॉयस्टिक आत्ता घेऊ नका, ओम सुट्टीत येताना त्याची जुनी आणतोय. हे त्यानं तुम्हाला सांगू नकोस म्हटलं होतं.

तुमची,
मृणाल