वेंडाम म्हणजे नको

चि. तायडीस,
अनेक आशीर्वाद.

भाऊबीजेला मी भरल्या ताटावरून उठून गेलो, ते तुला लागलं. जावईबापूंसमोर लागलं, म्हणून जास्त. तू काही बोलली नाहीस, पण एसटी स्टँडवर पाया पडताना माझ्याकडे बघितलं नाहीस. तुझ्या आईने सांभाळून घेतलं, "त्यांना पित्ताचा त्रास आहे" म्हणाली. गेली छत्तीस वर्षं ती लोकांना हेच सांगत आलीय. मला पित्त नाही.

छोटूने करंजी बाजूला सारली आणि म्हणाला, "वेंडाम आजोबा." चेन्नईत बालवाडीत जातो, तमीळ बोलणारच. तुम्ही सगळे कौतुकाने हसलात. मी उठून गोठ्यामागे गेलो आणि ओकलो.

तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये, श्रीलंकेत जाफन्याजवळ. आम्ही शांतिसेना म्हणून गेलो होतो. ऑगस्टमध्ये पलालीच्या धावपट्टीवरून बाहेर पडलो तेव्हा तिथल्या बायाबापड्यांनी हार घातले, शहाळी दिली. दहा आठवड्यांनी त्याच रस्त्यांवर एलटीटीईच्या तमीळ वाघांशी लढाई जुंपली. ऑपरेशन पवन. आमच्या हातात एकेक गोळी झाडणारी एसएलआर रायफल, त्यांच्याकडे एके-४७, आणि जमिनीत काय पुरलंय ते पाय पडल्यावरच कळायचं. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो.

त्या दिवशी सकाळपासून पाणी नव्हतं. एका घराच्या परसात विहीर होती. तिकडच्या विहिरींना आडवी लांब लाकडी दांडी असते, एका टोकाला दोरी आणि बादली, आपल्याकडे कोकणात लाट असते तशी. माझा जोडीदार म्हणाला, आण तुझी बाटली. त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्याच्या घरी माणसं आहेत, आणि त्यांना मी वेगळी गोष्ट सांगून बसलोय. ओसरीवर एक म्हातारा होता. पांढरी वेष्टी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. तो उठला, हात हलवून मोठमोठ्याने काहीतरी ओरडू लागला. मला वाटलं, पाणी देत नाही म्हणतोय. मी हसलो. हो, हसलो. जोडीदाराने दांडी खाली ओढली आणि स्फोट झाला.

जोडीदार वीसेक मिनिटं होता. त्याबद्दल वहीत लिहिलंय, तुला पत्रात लिहिणार नाही.

म्हातारा तिथेच उभा होता. पळाला नाही. मी गेलो आणि एसएलआरची बट त्याच्या तोंडावर घातली. साडेचार किलोचं लाकूड-लोखंड, आणि तेवीस वर्षांच्या पोराचा संताप. तो भिंतीला घसरत खाली बसला. नाकातोंडातून रक्त, आणि हात अजून विहिरीकडे. मला वाटलं, केलेलं काम दाखवतोय. मी दुसऱ्यांदा मारलं. मग सेक्शन कमांडरने मला ओढलं आणि आम्ही पुढे सरकलो. तो जगला का मेला, मला माहीत नाही.

त्याच वर्षी ३० जुलैला कोलंबोत मानवंदनेच्या रांगेतल्या एका नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता चालवला होता. तो फोटो जगभर छापून आला. पलटणीत पेपर आला तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्या माणसाला शिव्या घातल्या होत्या, मीही. माझा फोटो कुणी काढला नाही एवढाच फरक.

माझी बाटली शाबूत राहिली. दुसरी मिळायला वेळ लागला, तोवर मी तिच्यातूनच पाणी प्यायलो.

जानेवारीत माझी ड्यूटी चेकपोस्टवर होती. एका बाईबरोबर पाच-सहा वर्षांची मुलगी होती. मी रेशनमधला बिस्किटाचा पुडा पुढे केला. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि म्हणाली, "वेंडाम." शेजारी मद्रास रेजिमेंटचा जवान होता. तो हिंदीत म्हणाला, "नहीं चाहिए, मना कर रही है." मी त्याला दोनदा विचारून घेतलं. नको. हिंदीतलं "मत". हा शब्द मी आधी ऐकला होता, ओसरीवरून.

पुढचं तू पाहिलंच आहेस, फक्त कारण तुला माहीत नव्हतं. आपल्या विहिरीवर मोटर बसवायला मी कर्ज काढलं आणि रहाटाची कप्पी उखडून टाकली. तू लहानपणी पोहऱ्याची दोरी धरलीस म्हणून तुला मारलं होतं. रस्त्यावर नवी माती टाकलेली दिसली की मी बांधावरून वळसा घालून जायचो, आणि तू मैत्रिणींसमोर शरमायचीस. तुझी आई मला झोपेतून उठवायला कधी हात लावत नाही. दारात उभी राहून म्हणते, "अहो, सातारा. सातारा आहे हे." नवीन लग्न झालेलं असताना एकदा तिने खांद्याला हात लावला होता, तेव्हापासून. कॅन्टीनच्या रमबद्दल तुला वेगळं सांगायला नको.

डॉक्टरला का नाही दाखवलं, असं तू विचारशील. फौजेत दरवर्षी तब्येतीची श्रेणी ठरते, शेप म्हणतात. त्यातला पहिलाच एस मनाचा. तो घसरला की बढती अडते आणि पलटणीत नजरा बदलतात. डॉक्टर विचारायचे, झोप लागते? मी म्हणायचो, जी साहब. या दुखण्याला अमेरिकेत व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे १९८० मध्ये रीतसर नाव मिळालं होतं, पीटीएसडी. मी लंकेत उतरलो तेव्हा ते नाव सात वर्षांचं होतं, पण आमच्या पलटणीपर्यंत पोचलं नव्हतं. २०१६ ला तुझ्या आईने जेवण सोडलं तेव्हा कुठे मी मानसोपचारवाल्याकडे गेलो. गोळ्या चालू आहेत. रम बंद आहे. फटाक्यांचं अजून जमलेलं नाही.

आता वह्यांचं. तू आईला विचारलंस, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लिहीत काय बसतात, त्याने त्रास वाढतोच ना? वाढतो. लिहून मन हलकं होतं असं म्हणतात, मला तसला अनुभव नाही. चार पानं लिहिली की दोन रात्री खराब जातात.

माझ्या आजोबांचं तुला फार सांगितलेलं नाही. ते पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर इराकात होते, कुतच्या वेढ्यात. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने उपासमार, मग तुर्कांची कैद. मी सहा वर्षांचा असताना ते वारले. मला एवढंच आठवतं की त्यांच्या उशीखाली वाळलेल्या भाकरीचे तुकडे असायचे. बुरशी आली की आजी गुपचूप बदलून ताजे ठेवायची. आम्ही पोरं "म्हातारा उंदीर" म्हणायचो. इथून जवळ आपशिंग्याला त्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे, आपण दर्शनाला थांबायचो. भाकरीच्या तुकड्यांचं कुठे काही लिहिलेलं नाही. आजोबांनी कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही.

मी तर सांगत आलो, आणि तेच वाईट झालं. २००४ ला पेन्शन आल्यापासून दर २६ जानेवारीला शाळेत माझं भाषण असतं. पहिल्या वर्षी मी म्हणालो, माझा जोडीदार पाणी आणायला गेला आणि शहीद झाला. दुसऱ्या वर्षी गोळीबार आला. चौथ्या-पाचव्या वर्षी तो जखमी असतानाही लढत होता. शेवटी मी "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की" म्हणायचो, पोरं "जय" म्हणून शाळा दणाणून सोडायची, सरपंच नारळ द्यायचे. म्हातारा कुठल्याच वर्षी आला नाही. आणि एका रात्री मी डोळे मिटून ते परस बघायला गेलो तर मला ताडांच्या आडून गोळ्या झाडणारी माणसं दिसली. तिथे कुणी नव्हतं, तायडे. ती माणसं मी शाळेच्या पटांगणात बनवली होती, आणि आता ती माझ्या डोक्यात जाऊन बसली होती. दुसऱ्या दिवशी मी दोनशे पानी वही आणली.

आता चौथी चालू आहे. मासिकात छापायला देणार का, असं जावईबापूंनी विचारलं होतं. नाही. लंकेत आमचे सुमारे बाराशे जवान गेले. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून निघाली, आणि तू आज राहतेस त्याच शहरात उतरलेल्या फौजेच्या स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी आले नाहीत. आमच्या लोकांना याचा राग आहे, मलाही होता. दिल्लीच्या आधी कोलंबोजवळ आमचं स्मारक झालं, हेही खरं. पण त्या रागावर लिहिणारे बरेच आहेत. मला त्या परसापुरतंच लिहायचं आहे, आणि तेच नीट जमत नाही. पहिल्या वहीत म्हातारा एकदा "वेंडाम" म्हणतो, दुसऱ्या वहीत तीनदा. तिसऱ्या वहीत मी लिहून ठेवलंय की तो शब्द कदाचित मी चेकपोस्टवर ऐकला आणि नंतर त्याच्या तोंडी घातला. तो खरंच सावध करत होता, का मला तसं वाटून घ्यायचंय? का उलट, सावध करत नव्हता असं वाटून घेणं सोपं, म्हणून हा संशय आला? खोडरबर वापरत नाही. तिन्ही तशाच ठेवल्यात.

म्हणून एक काम सांगतो. चार वर्षं तू बोलावतेस आणि मी उकाड्याचं निमित्त करतो, त्यामुळे हे तुलाच करावं लागेल. तुमच्या शेजारच्या अम्मांना विचार, विहिरीचं पाणी काढू नका, हे त्यांच्या भाषेत कसं म्हणतील. जाफन्याची बोली वेगळी आहे म्हणतात, तिकडचं कुणी ओळखीचं असेल तर त्यांनाच विचार. मला शेवटच्या शब्दाआधी "अळ्ळ" असा काहीतरी आवाज आठवतो, जिभेला वळसा घालून काढलेला. त्याआधी "तन्नी" होतं बहुतेक. हे दोन आवाज मी चेकपोस्टवर ऐकलेले नाहीत, एवढं मला पक्कं आठवतं. उत्तर फोनवर सांगू नकोस, देवनागरीत लिहून पाठव. आईला आधी कळवू नकोस.

छोटूला सांग, आजोबांना करंजीचा राग आला नव्हता. आईने शेंगा आणि घेवडा वेगळा बांधून ठेवलाय, पुढच्या आठवड्यात कुरिअर करतो.

तुझे,
अण्णा