मंत्रिमहोदय, आधी दार लागणारी खोली द्या

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न.

माळीण 2014, तळिये 2021, इर्शाळवाडी 2023. पुन्हा पावसाळा आला. पत्र्यावर सरी वाजू लागल्या की दरडीतून वाचलेल्यांची झोप उडते. त्यांना आपण सांगता, 14416 या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा.

रात्री-अपरात्री तो फोन उचलला जातो, हे मोलाचंच आहे. पण ट्रॉमा थेरपी, म्हणजे अशा आघाताच्या आठवणींवरचा मानसोपचार, एका फोनवर होत नाही. तिला तोच थेरपिस्ट लागतो आणि 60 ते 90 मिनिटांची 8 ते 15 सेशन्स लागतात. ती व्हिडिओवरून होऊ शकते, आम्ही करतो. सुरुवातीला आठवणीला हात लावायचा नाही. श्वास, पाय जमिनीवर, खोलीतल्या 5 वस्तू मोजणं, एवढंच. दर वेळी आधी विचारायचं: आत्ता नेमक्या कुठे आहात, घरात कोण आहे, शेजारच्यांचा नंबर काय? कुणी आत आलं तर विषय बदलायचा शब्द ठरवून ठेवायचा. कॅमेरा एवढा लांब, की हात आणि छातीची हालचाल दिसावी. शेवटची 15 मिनिटं आठवणीतून बाहेर आणण्यासाठी राखायची.

आता अडतं कुठे ते ऐका. रेंज गेली की चित्र गोठतं. भीतीने माणूस सुन्न होतो तेव्हाही चेहरा असाच गोठतो. समोर काय घडलंय हे थेरपिस्टला कळत नाही, आणि मातीखालच्या त्या रात्रीत तो माणूस एकटा उरतो. एका मिनिटात साध्या फोनवर त्याला गाठावं लागतं. तोही लागला नाही तर? एका खोलीत सहा माणसं राहतात, त्या घरात सासूसमोर कुठली बाई बोलेल?

मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017, कलम 18: उपचार हा प्रत्येकाचा हक्क. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (2015-16) पाहिलेल्या राज्यांपैकी केरळ सोडून कुठेच लाखामागे एक मानसोपचारतज्ज्ञही भरला नाही. तरी यंत्रणा मोजते काय, तर आलेले कॉल! कितीजणांनी सगळी सेशन्स पूर्ण केली, कितीजण झोपू लागले, हा रकाना कुठे आहे?

दरडप्रवण तालुक्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात दार लागणारी एक खोली द्या, केबलचं इंटरनेट, बॅटरी, हेडफोन द्या. दाराबाहेर त्या 90 मिनिटांपुरती नर्सताई बसवा. थेरपिस्टला मानधन सेशनच्या वेळेवर द्या, कॉलच्या संख्येवर नको. आणि हे पुढच्या जूनच्या आत करा.

आपले,
ट्रॉमा थेरपी करणारे काही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट