दोन मिली नव्हे, वीस मिली

कॉव्हेंट्री,
9 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फराळाचं पार्सल पोचलं. चकल्या एकही न मोडता आल्या, आईला सांगा.

परवा फोनवर जुन्या स्कूटरींच्या दुरुस्तीवरच्या माझ्या वेबसाइटबद्दल तुम्ही म्हणालात, "साइटचे कुणी पैसे देत नाही, मग बंद कर आणि आधी स्वतःची गाडी उभी कर." मी गप्प झाले, तुम्हाला वाटलं राग आला. राग नव्हता. फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून आज रविवारी लिहायला बसले.

तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. माझी 1983 ची चेतक दीड वर्ष गॅरेजमध्ये सुटी पडली आहे. इंजिन बाकावर, हँडल भिंतीला टेकवलेलं, नटबोल्ट आईच्याच फराळाच्या डब्यांत चिठ्ठ्या लावून ठेवलेले. इथे चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला रस्ताकर माफ असतो, मूळ गाडीत मोठा बदल केला नसेल तर वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. म्हणजे कागदांवाचून काही अडलेलं नाही. अडलं आहे ते माझ्या संध्याकाळींपाशी. कामावरून येते, जेवते, पाच मिनिटं आलेले मेल बघू म्हणते आणि साडेदहा वाजतात. कुणाला गिअरची वायर कुठून ओवायची ते हवं असतं, कुणाच्या कार्बोरेटरमधून पेट्रोल वाहत असतं. शिवाय साइट म्हणजे नुसतं लिहिणं नाही. तिच्या सुरक्षिततेचं प्रमाणपत्र नव्वद दिवसांचं असतं. ते आपोआप नवं व्हायला हवं, एप्रिलमध्ये झालं नाही. येणाऱ्या प्रत्येकाला धोक्याची सूचना दिसत होती आणि मी तीन दिवस इंजिनाची जुनी पॅकिंग खरवडत बसले होते. सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

पण ऑगस्टमध्ये जे झालं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. तेल मिसळण्याच्या पानावर मी "1 लिटर पेट्रोलला 2 मिली" असं लिहून ठेवलं होतं. एक शून्य गळलं. ते पान अकरा दिवस तसंच होतं. कोल्हापूरच्या एका वाचकाने कळवलं, "ताई, हे चुकून झालं का?" वाचल्यावर माझे हातपाय गार पडले. टू-स्ट्रोकच्या पिस्टनला तेल मिळतं ते पेट्रोलमधूनच. दहावा हिस्सा तेल घातलं तर पिस्टन सिलिंडरला चिकटतो, आणि गाडी वेगात असेल तर मागचं चाक जागीच अडकतं. मागे कुणी बसलेलं असेल तर? अकरा दिवसांत ते पान कुणी वाचलं, कुणी तसं तेल घातलं, मला कळायला मार्ग नाही. त्या रात्री मी तुम्हाला फोन केला होता, आठवतं? तिकडे पहाटेचे तीन वाजले होते. "आपण तेल किती घालायचो?" एवढंच विचारलं. तुम्ही कारण न विचारता म्हणालात, "लिटरला वीस. पाच लिटरला शंभर." आकडा मला माहीत होता, बाबा. तुमच्या तोंडून ऐकायचा होता.

एवढं होऊनही बंद का करत नाही, तर रिमच्या पानामुळे. चेतकची रिम दोन अर्ध्या तबकड्या नटांनी जोडून झालेली असते. टायरमध्ये हवा असताना ते नट सोडले तर रिम उसळून तोंडावर येऊ शकते. पंचवटीत वाड्याच्या दारात मी पाना लावला होता, तेव्हा तुम्ही माझा हात धरलात, "आधी हवा सोड, मग पाना लाव." मी आठवीत होते. नव्या पोरांना हे कोण सांगणार? सातपूरला ज्यांच्याकडे आपण गाडी न्यायचो त्या मिस्त्रींनी शटर कधीच ओढलं. हा सगळा हातचा धडा आहे, मिस्त्रीकडून पोऱ्याकडे जाणारा. आजच्या पोऱ्यांनी टू-स्ट्रोक इंजिन उघडलेलंच नाही.

तर मी असं ठरवलं आहे. माझ्या दुसऱ्या स्कूटरची, लॅम्ब्रेटाची, फ्रेम विकते आहे. लखनौची आहे. लॅम्ब्रेटाचा इटलीतला कारखाना भारत सरकारने विकत घेऊन तिकडे आणला, त्यातली. तिच्यावर जीव आहे, पण दोन गाड्या आणि साइट मिळून एकटीच्याने होत नाही. रविवार फक्त चेतकचा. इंजिन बांधून होईपर्यंत साइटवर नवं पान नाही, मेलची उत्तरं बुधवारी. आणि आकडा असलेलं प्रत्येक पान आधी तुम्ही वाचायचं. दादा मोबाइलवर मोठ्या अक्षरात लावून देईल. तुमची निळ्या कव्हरची वही, जिच्यात तुम्ही प्रत्येक सर्व्हिसिंगची तारीख आणि पॉइंटचा, म्हणजे ठिणगीसाठी उघडमीट करणाऱ्या संपर्कांचा, गॅप लिहायचात, तिचे फोटोही त्याला काढायला सांगा. कडेला तेलाचे डाग असलेली पानंसुद्धा.

आता तिकडच्या, आपल्या घरच्या चेतकबद्दल. तिकडच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. इथे साध्यात दहापर्यंत असतं, म्हणून मी पाचवालं महागडं घालते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, जुने रबरी पाइप त्याने मऊ पडतात. गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर टाकी आतून गंजते. तेव्हा टाकी रिकामी करून ठेवा. मग पेट्रोलचा कॉक बंद करून उरलेल्या पेट्रोलवर इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होईल. पाइप दादाला इथेनॉलला टिकणारा मागून आणायला सांगा, जुन्या मापाने कापून घ्यायचा. जागा अडते म्हणून भंगारवाल्याला मात्र बोलावू नका. सोमेश्वरच्या धबधब्याला जाताना मी पुढे उभी, मध्ये दादा, मागे आई, आणि गाडी तुमची. ती गाडी मी येईन तेव्हा मला चालू करायची आहे.

पॉइंटच्या पानापासून वाचायला सुरुवात करा. तिथे मी गॅप कशाने मोजायचा ते लिहिलं आहे, पण तुम्ही गेज नसताना कसा बघायचात ते लिहिलेलं नाही. ते मला सांगा.

आईला नमस्कार, दादाला आशीर्वाद मागितले म्हणून सांगा.

तुमची,
धाकटी