रोखीची खिडकी उघडी ठेवा

दि. ९ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष,
सोसायटी कार्यालय, डोंबिवली (पूर्व)

विषय : १ डिसेंबरपासून रोख व्यवहार बंद करण्याच्या नोटिशीबाबत

अध्यक्षसाहेब, सप्रेम नमस्कार.

लिफ्टशेजारच्या फळ्यावरची नोटीस वाचली. एकदा चष्म्याशिवाय, मग घरी जाऊन चष्मा आणून. १ डिसेंबरपासून मेंटेनन्स, हॉलचं भाडं, पाहुण्यांच्या गाडीचं पार्किंग, उत्सवाची वर्गणी, सगळं फक्त ॲपवर. कलम दोन : घरकाम करणाऱ्या बायकांचा पगारही गेटच्या ॲपमधूनच द्यायचा, 'म्हणजे नोंद राहील'. कलम तीन : भाजीवाले, इस्त्रीवाले, भंगारवाले यांच्याकडे क्यूआर कोड नसेल तर वॉचमनने त्यांना आत सोडायचं नाही. खाली ठळक अक्षरांत 'आपली सोसायटी, कॅशलेस सोसायटी'.

आधीच सांगतो, म्हाताऱ्याची कुरकुर समजून हे पत्र बाजूला ठेवू नका. मी रोज यूपीआय वापरतो. दहा रुपयांच्या कोथिंबिरीलाही आजोबा स्कॅन करतात म्हणून नात हसते. माझा मेंटेनन्स गेली चार वर्षं ऑनलाइनच येतो, खजिनदारांना विचारा.

तुमची अडचणही मला कळते, इतर सभासदांपेक्षा जरा जास्तच. बत्तीस वर्षं मी बँकेच्या कॅश काउंटरवर बसलोय. संध्याकाळी रोकड जुळली नाही तर तूट कॅशियरने भरायची. एकदा शंभराच्या गड्डीत नव्वदच नोटा निघाल्या. हजार रुपये पगारातून गेले आणि घरी दोन महिने सांगायची हिंमत झाली नाही. तेव्हा रोख सांभाळणं किती कटकटीचं असतं, हे मला कुणी शिकवायला नको. यंदाच्या गणपतीत वर्गणीच्या हिशेबात साडेसातशे कमी आले आणि खजिनदारांनी ते गुपचूप खिशातून घातले, हेही मला ठाऊक आहे. (त्यांनी सांगितलं नाही. तो चेहरा मी आरशात पाहिलेला आहे.)

तरीही ही नोटीस मागे घ्यावी, निदान अर्धी, असं माझं म्हणणं आहे.

बी विंगच्या आजींपासून सुरू करतो. वय ब्याऐंशी. दर महिन्याच्या पाच तारखेला त्या इस्त्रीची साडी नेसून, काठी टेकत ऑफिसात येतात. हातात पाकीट, त्यावर पेन्सिलीने लिहिलेलं '३,२४०'. मुलगा पुण्याला असतो. तो म्हणतो, आई, मी इथून भरतो. आजी म्हणतात, शेअर सर्टिफिकेटवर नाव माझं आहे, पैसे मी भरणार. या पाच तारखेला ऑफिसातल्या मुलाने त्यांची दहाची नाणी परत केली. म्हणाला, 'ही चालत नाहीत.' का चालत नाहीत? दहाच्या नाण्यांचे चौदाही प्रकार वैध आहेत, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८मध्ये जाहीर केलेलं आहे. २०११च्या नाणे कायद्याप्रमाणे रुपयाची आणि त्यावरची नाणी एक हजार रुपयांपर्यंत कायदेशीर चलन आहेत. आजींकडे एकशे चाळीस रुपयांची होती. उरलेलं पाकीटही त्याने घेतलं नाही, 'पुढच्या महिन्यापासून तर बंदच आहे, आजी, आत्तापासूनच मुलाला सांगा ना.' आजी काही बोलल्या नाहीत. जिन्यात मला भेटल्या तेव्हा पाकीट दोन्ही हातांनी धरलेलं होतं.

आता कलम दोन. हे कोणी सुचवलं मला माहीत नाही आणि विचारणारही नाही, पण सुचवणाऱ्याने आपल्या मावशींशी पाच मिनिटं बोलून बघायला हवं होतं.

आमच्याकडे अकरा वर्षं येणाऱ्या मावशींकडे स्मार्टफोन आहे, असं तुम्ही म्हणाल. आहे. तो सकाळी सात वाजता मुलाबरोबर कामाला जातो. सिमही त्याच्याच नावावर. बँकेचं खातं मावशींचं, पण त्याला जोडलेला नंबर मुलाचा, म्हणजे पैसे आले की मेसेज कुणाला येतो ते बघा. मागे त्यांच्याच सांगण्यावरून मी एका महिन्याचा पगार खात्यात टाकला. नेमकं केवायसीचं काहीतरी राहिलं होतं म्हणून बँकेने खातं गोठवलं. तीन आठवडे पैसे समोर दिसत होते आणि हातात येत नव्हते. त्या काळात त्या तीनदा बँकेत गेल्या, म्हणजे तीन दिवस चार घरांची कामं बुडाली. तेव्हापासून एक तारखेला मी पैसे पाकिटात घालून देतो. मावशी आमच्या ओट्याशी उभ्या राहून ते मोजतात. मग दोन भाग करतात. मोठा पर्समध्ये, लहान कंबरेच्या पिशवीत. लहान भागाचं काय करता, हे मी कधी विचारलेलं नाही. बायकोला माहीत असावं.

काल नोटाबंदीला नऊ वर्षं झाली, त्यामुळे हे जास्तच आठवतंय. १० नोव्हेंबर २०१६ला बँका उघडल्या त्या सकाळी मी काउंटरवर होतो. चलनातल्या नोटांच्या किमतीत पाचशे आणि हजाराचा वाटा सुमारे ८६ टक्के होता, तो एका रात्रीत बाद. एका माणसाला चार हजारच बदलून द्यायचे. रांग शटरपासून नाक्यापर्यंत. लोकांना ती रांग आठवते, मला रांगेतल्या बायका आठवतात. एकीने ब्लाउजमधून रुमाल काढला, त्यात गुंडाळलेले साडेअकरा हजार, हळदीचा वास येत होता. म्हणाली, 'साहेब, खात्यात भरा म्हणताय, पण खातं दोघांच्या नावावर आहे हो.' तिच्या मागे आणखी दोघी होत्या, त्याच प्रश्नाच्या. मी काय सांगणार? नियम होता. मी स्लिप पुढे केली.

कलम दोनमधली 'नोंद' वाचली आणि मला तो रुमाल आठवला. मावशींचा पगार किती, कोणत्या घरून किती, कधी उचल घेतली, हे गेटच्या ॲपमध्ये जाणार. ते उद्या वॉचमनला दिसणार, ॲपवाल्या कंपनीला दिसणार, कमिटीच्या ग्रुपवर कुणीतरी स्क्रीनशॉट टाकणार. आपले स्वतःचे पगार त्या ग्रुपवर टाकायला आपण तयार आहोत का? मी तरी माझं पेन्शन टाकणार नाही.

परवा गच्चीवर मी हा विषय काढला तर सचिव म्हणाले, 'काका, जग कुठे चाललंय बघा, स्वीडनमध्ये कुणी नोट बघतही नाही.' ठीक आहे, स्वीडनचंच बोलू. रोख फारच वेगाने नाहीशी होतेय हे लक्षात आल्यावर त्यांनी मोठ्या बँकांवर रोख सेवा देण्याची सक्ती करणारा कायदा केला, तो २०२०मध्ये अमलात आला. संकटकाळासाठी सरकारने २०२४मध्ये घरोघर जी पुस्तिका पाठवली, तिच्यात घरात थोडी रोख ठेवा असं लिहिलंय. शेजारच्या नॉर्वेने १ ऑक्टोबर २०२४पासून दुकानात रोख देण्याचा ग्राहकाचा हक्क आणखी पक्का केला. आणि यंदा २८ एप्रिलला स्पेन-पोर्तुगालमध्ये देशभर वीज गेली, तेव्हा कार्डवाल्यांना पाण्याची बाटली मिळेना आणि खिशात नोटा असणाऱ्यांना मिळत होती.

इतकं लांब जायचीही गरज नाही. आपल्याच ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यात धसई आहे. राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून ते जाहीर झालं, तेही १ डिसेंबरलाच, २०१६ साली. तारीख तुम्ही मुद्दाम निवडली नसेल, पण मला गंमत वाटली. दुकानांत स्वाइप मशिनं आली, मंत्री आले, फोटो झाले. पुढे नोटा परत मिळायला लागल्या तशी मशिनं मागे पडली आणि बाजार पुन्हा रोखीवर आला. गावकऱ्यांना अक्कल नव्हती म्हणून असं झालं, असं मला वाटत नाही. देशाचंही तेच झालं. नोटाबंदीच्या आधी चलनात सुमारे १८ लाख कोटींच्या नोटा होत्या, मार्च २०२४ला सुमारे ३५ लाख कोटींच्या. त्याच काळात यूपीआय कुठल्या कुठे गेलं. डिसेंबर २०२४च्या एका महिन्यात १,६७३ कोटी व्यवहार झाले. लोक दोन्ही वापरतात, साहेब. ज्याला जे जमतं ते, आणि ज्या दिवशी जे चालतं ते.

'ज्या दिवशी चालतं ते' असं म्हणतो, कारण यंदाच १२ एप्रिलला देशभर यूपीआय अडखळलं. शनिवार होता. मी भाजी घेत होतो. भाजीवाला म्हणाला, 'काका, उद्या द्या.' तो मला ओळखतो म्हणून. कलम तीन लागू झालं असतं तर आपल्या गेटवर त्या दिवशी काय केलं असतं? आणि माझी बहीण सांगलीची. ऑगस्ट २०१९च्या महापुरात वीज, फोन, एटीएम, सगळंच गेलं होतं. तेव्हा सरकारनेही मदतीतले पहिले पाच हजार रोख हातात दिले होते. शेवटी सरकारलाही नोटाच काढाव्या लागल्या.

फसवणुकीबद्दल फार लिहीत नाही, फॉरवर्ड वाचून सगळे कंटाळलेत. एवढंच सांगतो की माझ्या जिन्यातल्या चार ज्येष्ठांपैकी दोघांनी ॲप मुलांकडून टाकून घेतलंय आणि पिन कॅलेंडरवर लिहून ठेवलाय. कॅलेंडर दारासमोर आहे. तुम्ही सक्ती कराल तशी अशी कॅलेंडरं वाढतील. सक्ती करायचीच तर नोटीस बोर्डावर सायबर फसवणुकीचा १९३० हा नंबर लावण्याची करा. आणि खात्यातून न विचारता पैसे गेले तर तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवायचं, हेही खाली लिहा. स्वतःची चूक नसताना ग्राहकावर भुर्दंड पडू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम जुलै २०१७पासून आहे, आणि आपल्यातल्या निम्म्या लोकांना तो माहीत नाही.

आता माझं म्हणणं. ऑनलाइन भरणाऱ्यांनी भरत राहावं, त्यांच्यासाठी काहीच बदलत नाही. दर रविवारी सकाळी दहा ते बारा ऑफिसात रोखीची एक खिडकी उघडी ठेवा. तिथे मी बसेन, पगार नको, चहा द्या. पावती तिथल्या तिथे फाडेन, नोटा-नाण्यांचा तपशील पावतीच्या मागे लिहीन, सोमवारी सकाळी खजिनदारांच्या समोर मोजून बँकेत भरणा करेन. तूट आली तर जुना नियम मला लागू. कलम दोन पूर्ण काढून टाका. मावशींना पैसे कसे हवेत ते मावशी आणि त्यांची घरं बघून घेतील. कलम तीनमध्ये वॉचमनने ओळखपत्र बघावं, आमची हरकत नाही. पण इस्त्रीवाल्याच्या खिशात काय आहे, हे बघायचं काम वॉचमनचं नाही.

हा विषय कमिटीच्या ग्रुपवर अंगठे गोळा करून मिटवू नये, ही विनंती. ज्यांची अडचण होणार आहे ते त्या ग्रुपवर नाहीत. सर्वसाधारण सभेत घ्या, आणि सभा दुपारी ठेवा. आजींना रात्री जिना दिसत नाही.

जाता जाता एक काम. आजींचं नोव्हेंबरचं पाकीट सध्या माझ्याकडे आहे. ३,२४० पूर्ण आहेत. नोटा ३,१०० च्या आणि दहाची चौदा नाणी. दोनदा मोजली आहेत. पावती आजींच्या नावाने हवी, मुलाच्या नावाने चालणार नाही, असं त्यांनी मला जिन्यात दोनदा बजावलंय. जुनं पावती पुस्तक ऑफिसच्या कपाटात खालच्या कप्प्यात आहे, किल्ली सचिवांकडे. उद्या संध्याकाळी सहाला येतो.

आपला,
सी विंगमधील एक सभासद (निवृत्त कॅशियर)