दादाची अट

प्रिय कुंदे,

फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहितेय. दादाच्या लेकीचं जवळजवळ ठरलं होतं आणि परवाच्या बैठकीत दादाने अट घातली. पहिला मुलगा झाला की तो आमचं आडनाव लावेल, आमच्या गोत्राचा म्हणून वाढेल आणि दादाचं श्राद्ध करेल. मुलाकडचे गप्पच झाले. मुलाची आई तेवढी हळू आवाजात म्हणाली, "आणि मुलगी झाली तर?" कुणी उत्तर दिलं नाही. पोर उठून आत गेली.

तुझे आप्पा गेले तेव्हा मडकं तू धरलंस. गुरुजी कसे अडून बसले होते आणि तुझे काका काय काय बोलले, ते मी ऐकलंय. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

दादाचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही गं. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात आहे ते. मुलगा नसलेल्या बापाने मुलीला 'पुत्रिका' करावं, हिच्या पोटी येईल ते अपत्य माझं श्राद्ध करणारं होवो असं म्हणून तिला द्यावं. हा श्लोक त्याने मोठ्याने वाचून दाखवला. मग तिसऱ्या अध्यायातला मी त्याला काढून दिला. तिथे म्हटलंय की शहाण्याने भाऊ नसलेली मुलगी करूच नये, न जाणो बापाने तिला पुत्रिका केलेली असायची! म्हणजे बापाची सोय झाली आणि त्या सोयीपायी पोरीचं लग्न अडलं. दादाने चष्मा काढून पुसला आणि विषय बदलला.

महाभारतातल्या चित्रांगदेवरून हॉस्टेलवर आपलं भांडण झालं होतं, आठवतं? तू म्हणायचीस, किती सुंदर प्रेमकथा आहे. मी म्हणत होते, अगं ही बोली आहे. तिच्या बापाने, चित्रवाहनाने, अर्जुनाला मुलगी दिली तीच मुळी तिचा मुलगा आपल्या वंशाला ठेवायच्या अटीवर. अर्जुन पुढे निघून गेला, बभ्रुवाहन आजोळी मणिपूरलाच राहिला. तू रागाने माझी वही फाडलीस, ती मी अजून विसरलेले नाही बरं का.

पण खरं सांगू, दादाची मला दयाही येते. आदिपर्वातल्या जरत्कारू ऋषीचे पितर खड्ड्यात उलटे लोंबकळत असतात. वाळ्याच्या जुडीचा तेवढा आधार, आणि तिची मुळं उंदीर कुरतडतोय. एकच मूळ शिल्लक आहे, ते म्हणजे लग्न न करता हिंडणारा हा जरत्कारू. लहानपणी आजीने हे सांगितलं की दादा पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचा. साठी उलटली तरी तो त्या खड्ड्याकडेच बघतोय असं मला वाटतं. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणं घेऊन येतो, त्यातलं पितरांचं ऋण प्रजेने फिटतं. ते मानलं, तरी दादाचं ऋण त्या न जन्मलेल्या पोराच्या डोक्यावर का?

हे आपल्यातच आहे असंही नाही. प्राचीन अथेन्समध्ये भाऊ नसलेल्या मुलीचा बाप वारला की बापाकडचा जवळचा नातलग तिच्याशी लग्नाचा हक्क सांगायचा. सोलोनच्या कायद्यात तर अशा नवऱ्याने महिन्यातून निदान तीनदा तिच्याकडे जावं असं होतं, प्लूटार्कने लिहून ठेवलंय! आणि बायबलमध्ये सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून विचारतात, मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव का पुसावं? त्यांना वाटा मिळतो. पण पुढे अट येते, लग्न बापाच्याच वंशात करायचं, जमीन बाहेर जाता कामा नये.

जमीन! मला वाटतं, धर्माच्या खाली बहुतेक वेळा हीच असायची. दादा म्हणाला, इंग्रजांनी दत्तक नामंजूर केला म्हणून १८४८ मध्ये सातारा खालसा झालं. आतून पोर ओरडली, "बाबा, आपल्याकडे खालसा करायला तीन खोल्या आहेत, आणि त्या मलाच मिळणार आहेत!" खरंच आहे तिचं. आपल्या राज्यात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून मुलगी वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने हिस्सेदार आहे. मग नातवाला बांधून ठेवायचं ते फक्त नावासाठी आणि तर्पणाच्या पाण्यासाठी. ते पाणी तिने दिलं तर चालणार नाही का? तू दिलंस तेव्हा आप्पा उपाशी राहिले असं मी मरेपर्यंत मानणार नाही.

बैठकीत त्याने वंशावळही पसरली होती. घड्यांवर चिकटपट्ट्या लावलेला तो जुना कागद. मी पहिल्यांदाच नीट वाचला. अकरा पिढ्यांत एकाही बाईचं नाव नाही. आई नाही, आजी नाही, मी तर नाहीच. दादाच्या नावाखाली त्याने पेन्सिलीने एक रेघ ओढलीय आणि तिच्या टोकाला चौकोन रिकामा ठेवलाय. तिथे लेकीचं नाव लिही म्हटलं, तर म्हणाला, "ती दुसऱ्या घरची होणार." एवढं प्रेम करतो तो तिच्यावर, तिच्या तापात रात्ररात्र बसलाय, आणि कागदावर तिला जागा नाही. याचाच मला फार त्रास होतोय.

बाकी ठीक. गुडघे तसेच, साखर आटोक्यात. तुझ्या घराचं काम संपलं का? जावयाची बदली झाली का? नातीचा फोटो मिळाला, नाक तुझंच आहे.

तू दादाला फोन कर. माझं ऐकत नाही, पण तुला तो अजून वचकून असतो. अट मागे घे म्हण आणि आप्पांचं सगळं सांग, गुरुजी शेवटी कसे तयार झाले तेही सांग. रविवारी मुलाकडचे परत यायचेत, त्याआधी कर.

तुझी,
शैला